स्टेटस मेसेज क्वेरींची देखभाल कमांड लाइनवरून व्हावी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

संगणक सुरक्षेविषयी वृत्तपत्रांतून जे लेखन प्रसिद्ध होते, त्यात बाहेरून होणाऱ्या हल्ल्यांची चर्चा बरीच असते आणि ती आवश्यकही आहे. मात्र शेकडो किंवा हजारो संगणक एका जागेवरून सांभाळणाऱ्या संस्थांमध्ये आतल्या आत कोणी, केव्हा, कोणता बदल केला याची नोंद कशी राहते आणि ती नोंद गरजेच्या वेळी हाती लागावी म्हणून आधी काय करून ठेवावे लागते, याविषयी सहसा कोणी लिहीत नाही. मी प्रणाली प्रशासनाच्या क्षेत्रात काम करतो आणि या कामाच्या एका छोट्या, पण सातत्याने दुर्लक्षित राहिलेल्या भागाकडे आपल्या वाचकांचे, विशेषतः संस्थाचालकांचे आणि माझ्या व्यवसायबंधूंचे लक्ष वेधू इच्छितो. तो भाग म्हणजे मायक्रोसॉफ्ट कॉन्फिगरेशन मॅनेजरमधील जतन केलेल्या स्टेटस मेसेज क्वेरी, म्हणजे प्रणालीच्या नोंदींतून हवे तेच संदेश निवडण्यासाठी लिहून ठेवलेले प्रश्न. या क्वेरींची निर्मिती, दुरुस्ती, तपासणी आणि निवृत्ती ही सारी कामे कन्सोलमध्ये (माउसने चालवायच्या व्यवस्थापन-खिडकीत) जाता-येता न करता पॉवरशेल या विंडोजच्या साधनाच्या कमांड लाइनवरून, म्हणजे आज्ञा टाइप करून, लिखित आणि पडताळता येईल अशा पद्धतीने व्हावीत, आणि प्रत्येक क्वेरीची मजकूररूपातील प्रत कॉन्फिगरेशन मॅनेजरच्या सर्व्हरबाहेर ठेवलेली असावी, एवढेच माझे म्हणणे आहे.

ज्या वाचकांचा या प्रणालीशी संबंध आलेला नाही, त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी देतो. 1994 मध्ये ‘सिस्टीम्स मॅनेजमेंट सर्व्हर’ या नावाने बाजारात आलेले हे उत्पादन अनेक नावे बदलत आजच्या कॉन्फिगरेशन मॅनेजरपर्यंत पोहोचले आहे. संस्थेतील विंडोज संगणकांवर सॉफ्टवेअर बसवणे, सुरक्षेचे पॅच पाठवणे, नव्या संगणकावर अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम चढवणे, कोणत्या संगणकावर काय आहे याची मोजदाद ठेवणे, ही कामे त्यातून होतात. इतकी सत्ता एका ठिकाणी एकवटली असल्यामुळे तिच्या वापराची नोंद ठेवण्याची व्यवस्थाही या प्रणालीत आहे. सर्व्हरचे निरनिराळे घटक आणि संगणकांवर बसवलेले या प्रणालीचे छोटे प्रोग्राम, म्हणजे क्लायंट, आपापल्या कामाची खबर ठरावीक साच्यातील संदेशांच्या रूपाने पाठवत राहतात आणि साइट सर्व्हर, म्हणजे संस्थेतील या प्रणालीचा मुख्य सर्व्हर, ते संदेश डेटाबेसमध्ये साठवतो. हेच स्टेटस मेसेज होत. माहिती, इशारा आणि त्रुटी अशा त्यांच्या तीन तीव्रता असतात. त्याखेरीज संदेशाचा प्रकारही नोंदलेला असतो आणि त्यातला 768 या अंकाने ओळखला जाणारा ऑडिट प्रकार सर्वांत मोलाचा आहे, कारण कोणत्या वापरकर्त्याने कोणती वस्तू निर्माण केली, बदलली किंवा काढून टाकली हे त्यातून कळते.

संदेशांची संख्या प्रचंड असते. मध्यम आकाराच्या संस्थेतही ते वाचून काढणे माणसाच्या आवाक्यातले नाही, म्हणून त्यांतून हवे तेवढेच निवडणाऱ्या क्वेरी लिहून जतन करून ठेवण्याची सोय दिलेली आहे. कन्सोलच्या मॉनिटरिंग विभागात सिस्टीम स्टेटसच्या खाली त्यांची यादी दिसते. काही क्वेरी उत्पादनासोबत तयार मिळतात. उदाहरणार्थ, कलेक्शन निर्माण झाले, बदलले किंवा पुसले गेले हे दाखवणारी क्वेरी 30015 ते 30017 या क्रमांकांचे संदेश शोधते. (संगणकांच्या किंवा वापरकर्त्यांच्या ज्या गटाला उद्देशून काम पाठवायचे असते, त्या गटाला या प्रणालीत कलेक्शन म्हणतात.) बाकीच्या क्वेरी त्या-त्या संस्थेतील प्रशासक आपल्या गरजेप्रमाणे लिहितात, आणि माझी तक्रार या दुसऱ्या वर्गाच्या बाबतीत आहे.

एका संस्थेतील यादी मी पाहिली आहे. तिच्यात ‘टेस्ट’, ‘टेस्ट नवीन’, ‘कॉपी’, ‘पॅच त्रुटी जुनी’ अशा नावांच्या क्वेरींची रांग लागली होती. टिप्पणीचा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा होता. ज्या प्रशासकाने त्या लिहिल्या तो नोकरी सोडून गेला होता आणि त्यांपैकी कोणती क्वेरी लेखापरीक्षणासाठी दर महिन्याला चालवली जाते, कोणती एखाद्या दुपारच्या अडचणीपुरती लिहिली गेली होती, हे उरलेल्यांपैकी कोणालाही सांगता येत नव्हते. परिणामी काहीच पुसण्याची कोणाची छाती होत नव्हती आणि कशावरच कोणाचा विश्वासही बसत नव्हता. हे चित्र त्या एका संस्थेपुरते मर्यादित नाही. माउसने चार-दोन खिडक्या उघडून तयार केलेल्या वस्तूमागचा विचार कुठेच लिहिला जात नाही, आणि मग निर्मात्याबरोबर तो विचारही निघून जातो.

कमांड लाइन इथे उपयोगी पडते. कॉन्फिगरेशन मॅनेजर 2012 च्या पहिल्या सर्व्हिस पॅकपासून पॉवरशेलच्या कमांड अधिकृतपणे उपलब्ध झाल्या. जतन केलेल्या स्टेटस मेसेज क्वेरींसाठी चार मुख्य कमांड आहेत: गेट-सीएमस्टेटसमेसेजक्वेरी यादी किंवा एखादी क्वेरी आणून देते, न्यू-सीएमस्टेटसमेसेजक्वेरी नवी तयार करते, सेट-सीएमस्टेटसमेसेजक्वेरी असलेल्या क्वेरीचे नाव, टिप्पणी किंवा मूळ मजकूर बदलते आणि रिमूव्ह-सीएमस्टेटसमेसेजक्वेरी काढून टाकते. पॉवरशेलची क्रियापद-नाम ही रचना ज्याला एकदा समजली, त्याला या चारही कमांड पाठ कराव्या लागत नाहीत. कन्सोल बसवलेल्या संगणकावर कॉन्फिगरेशन मॅनेजरचे मॉड्यूल आयात करून साइटच्या तीन अक्षरी कोडच्या नावाने तयार होणाऱ्या ड्राइव्हवर गेल्याखेरीज मात्र त्या चालत नाहीत, आणि नवख्या माणसाला पहिली ठेच बहुधा इथेच लागते.

गेट या कमांडकडून नेमके काय मिळते याविषयी बराच गैरसमज आढळतो, म्हणून ते सविस्तर सांगतो. ही कमांड क्वेरीची व्याख्या परत देते: तिचे नाव, तिचा ओळख-क्रमांक, टिप्पणी आणि एक्स्प्रेशन म्हणजे क्वेरीचा मजकूर. क्वेरी चालवून संदेश आणणे हे वेगळे काम आहे. त्यासाठी एक्स्प्रेशनमधला मजकूर घेऊन तो गेट-सीआयएमइन्स्टन्स या पॉवरशेलच्या कमांडला साइटच्या नेमस्पेससह (माहिती कुठे शोधायची त्या पत्त्यासह) द्यावा लागतो. हा मजकूर डब्ल्यूक्यूएल या विंडोजच्या क्वेरी-भाषेत असतो, पण साध्या डब्ल्यूक्यूएलमध्ये नसलेले जॉइन (अनेक ठिकाणची माहिती जोडणाऱ्या रचना) इथे एसएमएस प्रोव्हायडरमुळे, म्हणजे कन्सोल व स्क्रिप्ट यांना डेटाबेसशी जोडणाऱ्या घटकामुळे, चालतात, आणि त्यांची गरजही असते, कारण एका संदेशाची माहिती तीन ठिकाणी विखुरलेली असते. संदेशाचा क्रमांक, वेळ, तीव्रता आणि तो कोणत्या घटकाने पाठवला हे एसएमएस_स्टेटसमेसेज या क्लासमध्ये, म्हणजे तक्त्यासारख्या माहितीच्या संचात, असते. संदेशाच्या वाक्यातील रिकाम्या जागा भरणारे शब्द एसएमएस_स्टॅटएमएसजीइन्सस्ट्रिंग्ज या दुसऱ्या क्लासमध्ये असतात. वापरकर्ता, कलेक्शन, पॅकेज यांसारखी गुणवैशिष्ट्ये तिसऱ्या क्लासमध्ये अंकांनी ओळखली जातात: 400 म्हणजे पॅकेज, 401 म्हणजे डिप्लॉयमेंट, 402 म्हणजे कलेक्शन आणि 403 म्हणजे वापरकर्त्याचे नाव. तिन्ही क्लास रेकॉर्डआयडीने, म्हणजे प्रत्येक संदेशाच्या नोंद-क्रमांकाने, जोडायचे, प्रकार 768 असावा आणि गुणवैशिष्ट्य 403 असावे अशी अट घालायची, की ‘अमुक वापरकर्त्याने काय-काय केले’ या प्रश्नाचे उत्तर देणारी क्वेरी तयार होते.

उत्पादनासोबत आलेल्या अशा क्वेरींच्या मजकुरात मध्येच हॅश चिन्हांच्या दोन जोड्यांमध्ये ‘पीआरएम’ या अक्षरांनी सुरू होणारी एक जागा दिसते. कन्सोलमधून क्वेरी चालवली की ही जागा भरण्यासाठी वापरकर्त्याचे नाव आणि कालावधी विचारणारी खिडकी उघडते. कमांड लाइनवरून तीच क्वेरी जशीच्या तशी चालवली तर कोणी काही विचारत नाही आणि क्वेरी अयशस्वी होते. अशा वेळी ‘कमांड लाइनवर हे जमत नाही’ असा निष्कर्ष काढून लोक परत कन्सोलकडे वळतात, आणि मला याचे वाईट वाटते, कारण उपाय अगदी सोपा आहे. स्क्रिप्टने एक्स्प्रेशन वाचावे, त्यातील ती जागा दिलेल्या मूल्याने बदलावी आणि मग क्वेरी चालवावी. मूल्य बाहेरून येत असल्याने त्यातील अवतरणचिन्हे तपासून घ्यावीत, एवढी काळजी मात्र घ्यायलाच हवी.

याहून मोठा अडथळा संदेशाच्या वाचनीय मजकुराचा आहे. डेटाबेसमध्ये पूर्ण वाक्य कधीच साठवलेले नसते. तिथे फक्त संदेशाचा क्रमांक आणि रिकाम्या जागांत बसणारे शब्द असतात. वाक्याचा साचा क्लायंटच्या संदेशांसाठी क्लायएमएसजीएस, सर्व्हरच्या संदेशांसाठी एसआरव्हीएमएसजीएस आणि प्रोव्हायडरच्या संदेशांसाठी प्रोव्हएमएसजीएस अशा नावांच्या तीन डीएलएल फाइलींत असतो. कन्सोलमधला स्टेटस मेसेज व्ह्यूअर हे दोन्ही भाग जोडून वाक्य दाखवतो. पॉवरशेलवर मात्र 30017 हा अंक, कोणाचे तरी नाव आणि पुसल्या गेलेल्या कलेक्शनचे नाव व ओळख-क्रमांक एवढेच हाती पडते. ज्याला 30017 म्हणजे काय हे ठाऊक आहे, त्याचे काम यावर भागते. इतरांसाठी विंडोजच्या फॉरमॅटमेसेज या फंक्शनच्या मदतीने साचा वाचणारी छोटी स्क्रिप्ट लिहून ठेवावी लागते, किंवा निदान आपण रोज वापरतो त्या क्रमांकांचा अर्थ क्वेरीच्या टिप्पणीत लिहावा लागतो. माझा आग्रह दुसऱ्या उपायाचा आहे, कारण तो आजच्या आज करता येतो. टिप्पणीत तीन गोष्टी असाव्यात: ही क्वेरी कोणत्या प्रश्नाचे उत्तर देते, तिच्यातील संदेश-क्रमांकांचा अर्थ काय आणि ती कोणाच्या जबाबदारीवर आहे. व्यक्तीचे नाव लिहिण्यापेक्षा पदाचे नाव लिहावे. व्यक्ती बदलतात.

टिप्पणी मराठीत लिहायला काहीही हरकत नाही, उलट ज्या चमूचे बोलणे मराठीत चालते तिने ती मराठीतच लिहावी असे माझे मत आहे. मात्र विंडोज पॉवरशेल 5.1 वापरत असाल तर एन्कोडिंगकडे, म्हणजे फाइलीत अक्षरे साठवण्याच्या पद्धतीकडे, लक्ष द्यावे. या आवृत्तीतील एक्स्पोर्ट-सीएसव्ही ही कमांड काही न सांगितल्यास एएससीआयआय एन्कोडिंग वापरते आणि देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. तसेच देवनागरी मजकूर असलेली स्क्रिप्ट बीओएमशिवाय (फाइलीच्या सुरुवातीच्या एन्कोडिंग-खुणेशिवाय) यूटीएफ-8 मध्ये जतन केली तर हीच आवृत्ती ती चुकीच्या एन्कोडिंगने वाचते आणि टिप्पणीचा चुथडा होतो. निर्यात करताना एन्कोडिंग यूटीएफ-8 असे स्पष्ट लिहिले आणि स्क्रिप्ट बीओएमसह जतन केली, तर हा त्रास होत नाही.

आता ज्या मुद्द्यामुळे हे पत्र लिहावेसे वाटले, त्याकडे येतो. स्टेटस मेसेज कायमचे राहत नाहीत. मूळ सेटिंगनुसार ऑडिट संदेश 180 दिवस आणि इतर संदेश 30 दिवस राखले जातात आणि मुदत उलटलेले संदेश रोज चालणारे देखभालीचे काम पुसून टाकते. ही मुदत स्टेटस फिल्टर रूलमध्ये, म्हणजे आलेल्या संदेशाचे काय करायचे हे सांगणाऱ्या नियमांत, ठरते आणि ती बदलता येते. पण बहुतेक ठिकाणी ती कोणी पाहिलेलीच नसते. याचा परिणाम जतन केलेल्या क्वेरींवर थेट होतो. समजा एखाद्याने ‘गेल्या 90 दिवसांतील त्रुटी’ अशी क्वेरी लिहून ठेवली आहे. तिला उत्तर मिळते ते 30 दिवसांचे, आणि ते अपुरे आहे असा इशारा प्रणाली कुठेही देत नाही. तिमाही अहवालात त्रुटी कमी झाल्याचे दिसते, वरिष्ठ समाधानी होतात, आणि प्रत्यक्षात दोन महिन्यांच्या नोंदी अस्तित्वातच नसतात. ऑडिट संदेशांच्या बाबतीत हा धोका आणखी गंभीर आहे, कारण एखाद्या गैरकृत्याची चौकशी वर्षभराने सुरू झाली तर त्या वेळचे संदेश मिळण्याची आशाच नसते. कोणत्याही क्वेरीचे उत्तर रिकामे आले म्हणजे तसे काही घडले नाही असे समजण्याआधी त्या काळाच्या नोंदी शिल्लक होत्या का, हे पाहणे भाग आहे. कमांड लाइनवर हे सहज बसवता येते: क्वेरी चालवणाऱ्या स्क्रिप्टने त्याच प्रकारातील सर्वांत जुन्या उपलब्ध संदेशाची तारीख आधी काढावी आणि ती अहवालाच्या वरच छापावी. ज्यांना दीर्घकाळ नोंदी हव्या आहेत त्यांनी रोज किंवा दर आठवड्याला क्वेरीची उत्तरे फाइलीत उतरवून वेगळ्या जागी ठेवावीत.

वेळेचाही एक मुद्दा आहे. संदेशांच्या वेळा समन्वित जागतिक वेळेत, म्हणजे यूटीसीमध्ये नोंदल्या जातात. व्ह्यूअरमध्ये पाहणाऱ्याला आणि स्क्रिप्टचे कच्चे उत्तर वाचणाऱ्याला एकाच घटनेची वेगवेगळी वेळ दिसू शकते. चौकशीत दोन्ही कागद समोरासमोर आले की निष्कारण संशय निर्माण होतो, म्हणून अहवालाच्या रकान्याच्या नावातच वेळ कोणती ते लिहावे.

क्वेरी सर्व्हरबाहेर जपून ठेवण्याचा आग्रह मी का धरतो, हे एका घटनेवरून स्पष्ट होईल. मे 2014 मध्ये अमेरिकेतील एमरी विद्यापीठात विंडोज 7 बसवण्याचे काम चुकून सर्वच विंडोज संगणकांकडे पाठवले गेले, त्यात लॅपटॉप होते, डेस्कटॉप होते आणि सर्व्हरही होते. त्या कामाची सुरुवातच डिस्कचे नव्याने विभाजन आणि फॉरमॅट करण्यापासून होत होती. चूक लक्षात येताच कॉन्फिगरेशन मॅनेजरचा सर्व्हर बंद करण्यात आला, पण तोपर्यंत तो सर्व्हर स्वतःच फॉरमॅट झाला होता. विद्यापीठाने ही घटना उघडपणे सांगितली, याबद्दल त्यांचे आभारच मानले पाहिजेत, कारण आमच्या क्षेत्रातील प्रत्येकाला त्यातून शिकता आले. मी त्यातून घेतलेला बोध असा की, जी यंत्रणा सर्व संगणकांवर हुकूम चालवते ती स्वतःही त्या हुकुमाच्या कक्षेत येऊ शकते. अशा वेळी तिच्या पोटातील नोंदी, आणि त्या नोंदी शोधण्यासाठी वर्षानुवर्षे घडवलेल्या क्वेरी, दोन्ही एकदमच जातात. डेटाबेसचा बॅकअप असतो हे खरे, पण बॅकअपमधून साइट उभी होईपर्यंत जो काळ जातो, नेमक्या त्याच काळात प्रशासकाला प्रश्न विचारण्याची सर्वाधिक गरज असते. मजकूररूपातील क्वेरी हाताशी असेल तर पुनर्स्थापित डेटाबेसच्या तात्पुरत्या प्रतीवर निदान कोणते क्रमांक शोधायचे हे तरी ठाऊक असते.

हे जतन करणे अवघड नाही. गेट-सीएमस्टेटसमेसेजक्वेरीने सर्व क्वेरी आणाव्यात, ज्यांचा ओळख-क्रमांक आपल्या साइट कोडने सुरू होतो त्या म्हणजे आपल्या लोकांनी लिहिलेल्या क्वेरी वेगळ्या काढाव्यात (उत्पादनासोबतच्या वस्तूंचा क्रमांक ‘एसएमएस’ या अक्षरांनी सुरू होतो), आणि प्रत्येक क्वेरीसाठी एक फाइल लिहावी, जिच्यात नाव, टिप्पणी आणि एक्स्प्रेशन असेल. या फाइली गिटसारख्या आवृत्ती-नियंत्रणात ठेवल्या की कोणती अट कधी बदलली आणि कोणी बदलली हे ओळीओळीने दिसते. मग यापुढे नवी क्वेरी हवी असेल तर आधी फाइल लिहावी, सहकाऱ्याने ती वाचावी, आणि न्यू किंवा सेट कमांड चालवणाऱ्या स्क्रिप्टने ती साइटवर न्यावी. कन्सोलमध्ये कोणी परस्पर बदल केलाच, तर दर आठवड्याच्या निर्यातीतील फरकातून तो उघड होतो. क्वेरी निर्माण होणे, बदलणे व पुसणे यांचेही ऑडिट संदेश उमटतात आणि ते दाखवणारी तयार क्वेरी उत्पादनासोबतच येते, याची आठवण फार थोड्यांना असते.

क्वेरी पुसण्याच्या बाबतीत मी अधिक कठोर आहे. रिमूव्ह कमांडला नाव देता येते, ओळख-क्रमांक देता येतो किंवा गेटकडून आलेली वस्तू पाइपने (एका कमांडचे उत्तर थेट दुसरीला जोडून) देता येते. कमांडने विचारलेली खात्री टाळण्यासाठी फोर्स हा पर्यायही आहे, आणि स्क्रिप्टमध्ये तो बिनदिक्कत लिहिलेला दिसतो. गेट कमांडला दिलेल्या क्वेरीच्या नावात ‘कोणतीही अक्षरे’ या अर्थाने तारांकन चालते. ‘टेस्ट’ या शब्दापुढे तारांकन देऊन आलेल्या साऱ्या क्वेरी पाइपने रिमूव्हकडे फोर्ससह पाठवणारी एक ओळ वर्षांचे काम क्षणात पुसू शकते, कारण ‘टेस्ट’ने सुरू होणाऱ्या नावाची क्वेरी कालांतराने खऱ्या कामाला लागलेली असते. म्हणून पुसताना ओळख-क्रमांकच वापरावा, आधी व्हॉटइफ पर्याय लावून काय पुसले जाणार आहे हे पाहावे, ती यादी दुसऱ्याला दाखवावी, आणि त्या दिवशीची निर्यात झाली असल्याची खात्री करूनच कमांड चालवावी. नावातच तारांकनासारखे चिन्ह असेल, तर डिसेबलवाइल्डकार्डहँडलिंग हा पर्याय लावला की ते चिन्ह अक्षरशः घेतले जाते.

या सूचनेवर घेतला जाणारा आक्षेप मला ठाऊक आहे: कन्सोल सोपे आहे, ते सर्वांना येते, आणि कमांड लाइन शिकवण्यात वेळ जातो. क्वेरी पाहण्यासाठी आणि संदेश वाचण्यासाठी कन्सोल उत्तमच आहे, तो सोडावा असे मी म्हणत नाही. वाक्य जोडून दाखवणाऱ्या व्ह्यूअरला कमांड लाइनवर तोडीस तोड पर्याय नाही, हे मी वर लिहिलेच आहे. माझा आग्रह निर्मिती, बदल आणि निवृत्तीपुरता आहे. दुसरा आक्षेप असा घेतला जातो की स्क्रिप्ट चालवणाऱ्याच्या हाती जास्त अधिकार जातात. वास्तविक एसएमएस प्रोव्हायडर कन्सोलला आणि पॉवरशेलला अधिकारांचे एकच नियम लावतो. भूमिकाधारित प्रशासनात ‘रीड-ओन्ली ॲनालिस्ट’ ही भूमिका आधीच दिलेली आहे. क्वेरी वाचणारे आणि निर्यात करणारे खाते या भूमिकेत ठेवावे, आणि बदल करणारे खाते वेगळे व मोजक्या लोकांपुरते असावे. लेखापरीक्षकालाही वाचनाची भूमिका देता येते आणि तेव्हा त्याला आपण काढून दिलेल्या कागदावर विसंबावे लागत नाही.

युनिक्स आणि लिनक्सच्या बाजूने आलेल्या सहकाऱ्यांना हा सारा खटाटोप नवा वाटणार नाही. तिकडे सिसलॉग या नोंद-व्यवस्थेचे संदेश आठ तीव्रतांत विभागलेले असतात, जर्नलसीटीएल या कमांडने ते गाळून पाहता येतात, आणि नेहमीचा प्रश्न शेल स्क्रिप्टमध्ये लिहून ठेवण्याची सवय जुनी आहे. विंडोजच्या जगात कन्सोलने ‘जतन करा’ हे बटण दिले आणि ती सवय लागलीच नाही, एवढाच फरक.

संस्थाचालकांना माझी विनंती आहे की, पुढच्या वेळी प्रशासक बदलेल तेव्हा कार्यभार हस्तांतरणाच्या कागदपत्रांत सर्व्हरच्या पासवर्डबरोबर तीन गोष्टी मागाव्यात: जतन केलेल्या क्वेरींच्या निर्यातीचे फोल्डर, ऑडिट व इतर संदेश सध्या किती दिवस राखले जातात याची लिखित नोंद, आणि त्यांपैकी कोणत्या क्वेरी कोणत्या अहवालासाठी नियमित चालतात याची यादी. जाणारा माणूस अजून आपल्या खुर्चीवर असतानाच नव्या माणसाने त्या फोल्डरमधील एखादी क्वेरी उघडून ती काय विचारते हे त्याला समजावून सांगावे आणि ती कमांड लाइनवरून चालवून दाखवावी. जिथे सांगताना अडेल, तिथली टिप्पणी त्याच बैठकीत पूर्ण करून घ्यावी.

कळावे,
आपला विश्वासू,
एक प्रणाली प्रशासक